चौतिसावा प्रश्न

माझ्या माहेरी, खुटबावला, आजवर अकरा मुली दाखवल्या गेल्या आणि अकराही जणींची तयारी मी करून घेतली. चुलत बहिणी, मामेबहिणी, भावकीतल्या पोरी. पाहुणे किती वाजता येणार, पोहे कधी परतायचे, ट्रे कोणाच्या हातात द्यायचा, पाहुणे काय विचारतील आणि मुलीनं काय सांगायचं, हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं असे. अकरापैकी नऊ मुली पहिल्याच बघण्यात पसंत पडल्या. उरलेल्या दोघींनी वहीबाहेरची उत्तरं दिली होती.

त्यामुळे माझ्या भावाच्या मुलीला एका विमान कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा तयारी कोण करून घेणार हा प्रश्न घरात कोणाला पडला नाही. ही कंपनी बारावी झालेल्या मुलामुलींना निवडते, शिकवते आणि पुढे आपल्याच विमानांवर सहवैमानिक म्हणून घेते. भावाचा फोन आला.

"आक्का, पोरीला तुझ्याकडं धाडतो. तुझ्या हातनं जरा तयार कर."

"किती दिवस आहेत?"

"दीड महिना."

"उद्याच धाड," मी म्हटलं.

मी तळेगाव ढमढेऱ्यात राहते आणि शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत मुख्य लिपिक आहे. अर्ज कसा भरतात, कागद कोणत्या क्रमानं लावतात, सही कुठे राहते, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. मुलीचा अर्जही मीच भरला होता. तिचं मेलचं खातं मी उघडलं होतं आणि त्याचा पासवर्ड माझ्या वहीत होता. बारावीची गुणपत्रिका, भौतिक आणि गणिताचे गुण, डॉक्टरी तपासणीचा दाखला, पासपोर्ट, सगळं प्लास्टिकच्या फायलीत लावून दिलं होतं.

संगणकावरची चाचणी मात्र ती माझ्याशिवायच पास झाली. हातातल्या दांडीनं पडद्यावरचा ठिपका मधोमध धरून ठेवायचा आणि त्याच वेळी कानात ऐकू येणारे आकडे लक्षात ठेवायचे, असं काहीतरी होतं. ती पोर पंधराव्या वर्षापासून उसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरनं रिव्हर्समध्ये मागे घालते, तीही दोन्ही बाजूंना चर असलेल्या वाटेत. ठिपका धरून ठेवणं तिला जड गेलं नसावं. त्या चाचणीसाठी मी यादी केली नव्हती, म्हणून मला तिचं फार कौतुकही वाटलं नाही.

आता गट चर्चा आणि मुलाखत एवढंच उरलं होतं. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, यांना सगळा गाव आबा म्हणतो. विकास सोसायटीचे ते तीन वेळा अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढे घरातलंच काय, गावातलंही कोणी दुसरा शब्द काढत नाही. ती निघतानाच त्यांनी तिला सांगितलं होतं, "एकदा जाऊन ये. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर भांडगावचं स्थळ हाय. ती मानसं थांबायची न्हाईत."

एकोणीस वर्षांच्या मुलीला एकच संधी आहे, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तिला सोडलं नाही.

माझ्या घरी आल्या दिवशी मी तिला नियम सांगितले. सकाळी पाचला उठायचं. फोन माझ्या कपाटात राहील. 'व्हय' आणि 'न्हाई' तोंडातून आलं की पाच मिनिटं उभं राहायचं. मुलाखत इंग्रजीत होणार होती, तरी मराठी बोलण्यावरही मी लक्ष ठेवलं, कारण जीभ एकच असते. पहिल्या दिवशी ती एकंदर दीड तास उभी होती. माझे यजमान म्हणाले, "अगं, बसू दे तिला." मी त्यांना त्यांचं वर्तमानपत्र दिलं.

मी साठ प्रश्नांची यादी काढली. इंटरनेटवरून काही घेतले, काही माझ्या बघण्याच्या वहीतले होते. पाहुणे शेवटी पाहुणेच असतात, मग ते भांडगावचे असोत की विमान कंपनीचे, असं मला तेव्हा वाटत होतं. स्वतःबद्दल सांगा. घरी कोण कोण असतं. राग येतो का. मोठ्यांशी पटतं का. प्रत्येक प्रश्नाखाली तिनं आधी पेन्सिलीनं स्वतःचं उत्तर लिहायचं, मग मी लाल पेननं ते सुधारायचं आणि मग तिनं पाठ करायचं. उत्तर चुकलं की जेवण पुढे जाई. ताट वाढून, झाकून, तिच्यासमोर ठेवलेलं असे, म्हणजे लक्ष लागतं. एकदा दुपारचे चार वाजले. एकदा ती रडायला लागली, तेव्हा मी घड्याळ लावून दिलं आणि म्हटलं, "पाच मिनिटं रड. मग सव्विसावा प्रश्न."

ती बरोबर पाच मिनिटांत थांबली. मला वाटलं, तयार होतेय.

चौतिसावा प्रश्न इंटरनेटवरचा होता. तुम्ही सहवैमानिक आहात आणि कॅप्टन चूक करतोय असं तुमच्या लक्षात आलं, तर काय कराल? तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मी त्यांना लगेच सांगेन. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा स्पष्ट सांगेन. तरीही ऐकलं नाही आणि धोका असला तर ताबा घेईन.'

मी तिला स्वयंपाकघरातून बोलावलं.

"ताबा कोणाचा घेणार तू?"

"विमानाचा."

"तुझ्या बापाचं विमान आहे का?"

"नाही."

"कॅप्टन किती वर्षं विमान चालवतोय?"

"असतील वीस वर्षं."

"आणि तू?"

"मी नवीन."

"मग?"

"पण तो चुकतोय ना, आत्या. प्रश्नातच दिलंय."

"चूक दाखवायचीही एक पद्धत असते. समोर तीन मोठी माणसं बसलेली असणार. त्यांतला एखादा स्वतः कॅप्टन असेल. त्याच्या तोंडावर सांगणार, की तुम्ही चुकलात तर मी तुम्हाला बाजूला करीन? उद्या सासऱ्याला सांगशील, बैलं मी हाकते, तुम्ही उतरा."

"विमानात असंच शिकवतात. मी व्हिडिओत पाहिलंय."

"व्हिडिओवाले येणार आहेत का तुला निवडायला?"

मी तिच्या उत्तरावर आडवी लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'कॅप्टनचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त असतो. मी त्यांच्या निर्णयाचा आदर करीन आणि विमान उतरल्यावर, योग्य वेळी, एकांतात माझी शंका विचारीन.' मग शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. त्यांनीही काही म्हटलं नाही.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी मी तिला खुटबावला नेलं आणि सराव मुलाखत ठेवली. पडवीत तीन खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीवर आबा, कारण सोसायटीच्या क्लार्कांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या होत्या. उजवीकडे मी. डावीकडे शेजारचे आप्पा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना बोलावलं नव्हतं, ते आपले खुर्ची रिकामी बघून बसले. वहिनी, म्हणजे मुलीची आई, आत स्वयंपाक करत होती. ती बाहेरच्या बोलण्यात कधी पडत नाही. वीस वर्षांत मी तिच्या तोंडून सलग तीन वाक्यं ऐकली नव्हती.

आबांना इंग्रजी येत नाही, म्हणून प्रश्न मराठीत झाले. तेहतीस प्रश्न नीट गेले. चौतिसावा आबांनी मोठ्यानं वाचला. मुलगी म्हणाली, "सांगीन त्यांना. न्हाई ऐकलं तर परत सांगीन. तरी न्हाईच ऐकलं तर ताबा घेईन."

आबांनी कागद खाली ठेवला. "तोंड बघा पोरीचं," ते म्हणाले.

आप्पा हसले. "बरोबर तर बोलली. मी सांगतो तुम्हास्नी. पाटस सोडलं आन् आमच्या ड्रायव्हरचा डोळा लागला. माझ्याहून धा वर्सांनी मोठा, त्याला मी मामा म्हनायचो. मी काय त्याच्या कानात जाऊन म्हनू, मामा, सोलापूर आल्यावर बोलू? घंटी वडली. परत वडली. तरी उठंना तवा पुढं जाऊन खांदाच धरला. गाडी खड्ड्याच्या तोंडाला व्हती."

"आप्पा, ही एसटी नाही," मी म्हटलं.

"न्हाई ना. एसटी खड्ड्यात जाती. ही कुठं जानार?"

"तुम्ही चहा घ्या."

आप्पांनी चहा घेतला. मी मुलीला आत पाठवलं आणि माझं उत्तर पन्नास वेळा लिहायला सांगितलं. बाहेर पंगत बसली होती. चाळीस वेळा लिहून झाल्यावर वहिनी तिच्याजवळ भाकरी घेऊन गेली, तर मी तिला दारातूनच परत पाठवलं. "अजून दहा राहिलीत," मी म्हटलं. वहिनी भाकरी घेऊन परत चुलीपाशी बसली. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. पाहायची गरज वाटली नाही.

मुलाखत पुण्यात, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात होती. भाऊ, मी आणि मुलगी गाडीनं गेलो. आम्हाला खाली बसवलं. गट चर्चेची खोली काचेची होती, त्यामुळे लांबून दिसत होतं. सात मुलं गोल टेबलाभोवती बसली होती. सहा जण बोलत होते, एकमेकांना थांबवत होते, कागदावर काही आखत होते. आमची मुलगी सगळ्यांना पेल्यांत पाणी ओतून देत होती. माझ्या यादीत तेच होतं: पाणी आधी दुसऱ्याला, बोलणं आधी मोठ्यांचं. तिथे मोठं कोणीच नव्हतं, सगळी एका वयाची होती. तरी ती वाट बघत बसली होती.

"शिस्तीत बसलीये," भाऊ म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

परत येताना हडपसर सोडेपर्यंत मी कळ काढली. मी विचारलं, "चौतिसावा आला का?"

"आला."

"काय सांगितलंस?"

"तुम्ही लिहिलेलं."

"मग?"

"एक बाई होत्या. कॅप्टन होत्या त्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण विमान खाली खाली चाललंय आणि समोर डोंगर आहे. आता? मी परत तेच सांगितलं. मग त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू आवाजात, जसं लहान मुलाला विचारतात. डोंगर आता समोर दिसतोय. तू काय करशील?"

"आणि तू?"

"म्हटलं, उतरल्यावर विचारीन."

भावानं गाडीचा वेग कमी केला.

"त्यांनी पेन खाली ठेवलं," मुलगी म्हणाली. "म्हणाल्या, थँक यू."

दुसऱ्या दिवशी शाळेत, मधल्या सुट्टीत, मी संगणकावर शोधलं. अर्धा तास लागला. सहवैमानिकाला काय शिकवतात ते सगळीकडे एकच लिहिलं होतं. सांगा. पुन्हा सांगा. मग ताबा घ्या. न बोललेल्या सहवैमानिकांमुळे विमानं पडली, म्हणून हे शिकवायला लागले, असंही लिहिलं होतं. मी पान बंद केलं आणि शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला घेतले. निकाल यायला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगून निकाल बदलणार नव्हता, असं मी स्वतःला समजावलं.

मेल आधी मीच वाचला, कारण पासवर्ड माझ्याकडे होता. या वेळी निवड होऊ शकली नाही. पुढच्या भरतीत पुन्हा अर्ज करता येईल. मी मुलीला फोन करायच्या आधी आबांना केला. पुन्हा अर्ज करता येईल हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

संध्याकाळी मी खुटबावला पोहोचले, तोवर पडवीत सगळे जमले होते. आबा खुर्चीत, भाऊ खांबाला टेकून, आप्पा पायरीवर. मुलगी भिंतीशी उभी होती. भावकीतला एक जण रस्त्यावरूनच म्हणाला, "काय पायलटीनबाई, उतरलं का इमान?" आणि हसत पुढे गेला. 

आबा म्हणाले, "उद्धटपना केला असंल. त्या दिशी हितं बोलली तसंच तिथं बोलली असंल. काय, आक्का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते मी आता लिहिते आहे. तेव्हा मी म्हणाले, "मी सगळं लिहून दिलं होतं. पाठही होतं. ऐन वेळी नीट बोलली नाही."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली, तिची फाइल घेऊन आली आणि एक कागद आबांच्या मांडीवर ठेवला. "आबा, हे वाचा. मी हेच बोलले. शब्दाला शब्द."

आबांनी चष्मा लावला. वाचायला त्यांना वेळ लागला. "हे लाल कुनाचं?"

"आत्यांचं. वरचं पेन्सिलीचं माझं. ते बरोबर होतं. त्यांना तेच हवं होतं."

आबांनी पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता सुटलं. आता ते माझ्याकडे बघतील, रागावतील आणि मुलीला आणखी एक वर्ष मिळेल. मी बोलणी खायची तयारीही केली होती.

"मग बरोबरच हाय की," आबा म्हणाले. "मोठ्याचा मान ठेवायचा. एकांतात इचारायचं. यात वाईट काय? ह्याच्यापायी न्हाई घेतलं म्हंजी त्यांचीच रीत वंगाळ हाय. असल्या ठिकानी न्हाई गेली ते बरं झालं."

"आबा, क्लार्कला चालंल वो हे," आप्पा पायरीवरून म्हणाले. "इमानात मानसं बसल्याली असत्यात."

"तू गप. तुला कोन इचारतंय?" आबा माझ्याकडे वळले. "आक्का, तू शिकल्याली हायस. तूच सांग. हे बरोबर हाय का न्हाई?"

मला उत्तर माहीत होतं. नऊ दिवसांपासून माहीत होतं. मुलगी भिंतीशी उभी होती, तिचे दोन्ही हात मागे होते, मी शिकवलं होतं तसे.

"बरोबर आहे, आबा," मी म्हटलं.

"संपलं मग." आबांनी खिशातून फोन काढला आणि भांडगावचा नंबर लावला. समोरून रामराम झाल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. आबा म्हणाले, "हां, मामा, ते बगन्याचं म्हनत व्हता तुमी..."

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. हाताला पीठ होतं. ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली, जिथे ती कधी उभी राहत नाही.

"आबा, चुकतंय तुमचं," ती म्हणाली.

आबांनी तिला हातानंच बाजूला हो म्हणून खुणावलं आणि फोनवर बोलत राहिले. "येत्या रविवारी या की..."

"आबा, चुकतंय तुमचं. पोरीचं बरोबर व्हतं. आक्कांचं चुकलं. फोन ठिवा."

"...अकरा वाजता, व्हय..."

वहिनीनं त्यांच्या हातातून फोन घेतला. ओढला नाही. मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा बोटं उलगडून घेतला. कानाला लावला आणि म्हणाली, "मामा, पोरीची आई बोलतीया. एवढ्यात न्हाई करायचं आमाला. रामराम." फोन बंद करून तिनं कोनाड्यात ठेवला. त्याला पीठ लागलं होतं. मग ती आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली.

आबांचा हात अजून कानाशी होता. भाऊ खांबापासून सरळ झाला आणि गोठ्याकडे निघून गेला. आप्पांनी चपला शोधायला सुरुवात केली. मला वहिनीचा राग आला. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला मुलीचं काही वाटलं नाही, फक्त वहिनीचा राग आला. तिनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं.

त्यानंतर खुटबावहून मला फोन येणं कमी झालं. महिन्याभरानं, सवयीनं, मी मुलीचं मेलचं खातं उघडायला गेले, तर पासवर्ड चुकीचा आहे असं आलं. वहीत पाहून पुन्हा टाकला. तिसऱ्यांदाही तेच. मी वहीतली ती ओळ खोडून टाकली.

पुढचं मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती दौंडला कॉलेजला जायची, तिथूनच तिनं पुढच्या भरतीचा अर्ज भरला. मुलाखतीला आई-मुलगी दोघीच दौंडहून रेल्वेनं पुण्याला गेल्या. घरी सांगितलं होतं की वहिनीच्या माहेरी जाऊन येतो. वहिनीनं हॉटेलच्या दारातच तिला सांगितलं, "जा, मी हितं बसती." दुसरं काही शिकवलं नाही.

निवड झाल्यावर मात्र आबांनीच मला फोन केला. "आक्का, लेक पायलट झाली आपली." त्यांचा आवाज भरून आला होता. जणू भांडगावचा फोन त्यांनी कधी लावलाच नव्हता. रविवारी देवळासमोर मंडप घातला. तालुक्याचे दोन पुढारी आले. मोठा फ्लेक्स लागला, त्यावर मुलीच्या फोटोखाली आबांचा फोटो होता आणि कोपऱ्यात, मला न विचारता, माझा. माझ्या फोटोखाली 'मार्गदर्शक' असं छापलं होतं. वहिनीचा फोटो नव्हता. ती मंडपामागे आमटीच्या पातेल्यापाशी उभी होती.

मला वर बोलावून शाल आणि नारळ दिला. आबांनी माइक घेतला. "ही माजी थोरली. हिनं दीड महिना पोरीला घरी ठिवून घडवली. दगडाची मूर्ती केली." टाळ्या झाल्या. मी शाल सावरली. नको म्हणायला हवं होतं. समोर भांडगावहून आलेली दोन कुटुंबं बसली होती, आपापल्या मुली घेऊन, त्यांच्या तयारीसाठी मला नंतर भेटायला.

सूत्रसंचालन करणारा म्हणाला, "आता आत्याबाईंबद्दल दोन शब्द."

मुलीनं माइक हातात घेतला. तिचं बोलणं आता मोकळं झालं होतं, हात मागे नव्हते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्यांनी मला साठ उत्तरं लिहून दिली होती. ती सगळी मला अजून पाठ आहेत. एकही विसरले नाही." पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा जास्त. आबा डोळे पुसत होते. ती हसली नाही. तिनं माइक परत दिला आणि पायरी उतरून आईकडे गेली.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या टाकीपाशी मी तिला गाठलं. "चौतिसावा आला होता का परत?"

"आला होता."

"काय सांगितलंस?"

"तुम्हाला माहितीये की."

नळ चालू होता. मी म्हटलं, "त्या दिवशी चूक माझी होती. मी आबांना सांगते."

"सांगा," ती म्हणाली. "ते काय, तिथं बसलेत."

मी वळून पाहिलं. आबा मंडपात पुढाऱ्यांच्या मधोमध बसले होते, भांडगावची माणसं त्यांच्या पाया पडत होती. "आत्ता लोक आहेत," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

तिला प्रशिक्षणासाठी पुढच्या आठवड्यात निघायचं होतं, पुण्याहून विमानानं. पहिल्यांदाच विमानात बसणार होती. सामान किती न्यायचं, काय हातातल्या पिशवीत ठेवायचं, कोणता कागद वर पाहिजे, मला हे येतं, एवढं तरी येतं. "मी येते सोडायला," मी म्हटलं. "आदल्या दिवशी येऊन बॅगा भरून देते."

"गाडीत जागा नाही, आत्या."

भावाची गाडी सात जणांची आहे. आबा, भाऊ, वहिनी, आप्पा आणि ती. मी मोजलं, पाच होत होते. तिलाही ते माहीत होतं, कारण ती माझ्या डोळ्यांकडेच बघत होती, मी मोजून होईपर्यंत.

"बरं," मी म्हटलं.

"जेवलात ना नीट?" तिनं विचारलं, आणि उत्तराला थांबली नाही.